आत्याने लावलेली वायर

मी एक कॉम्प्युटर बोलतोय. माझं वय फार नाही, पण मला एकदा मेलेला ठरवून झालं आहे. पोट उघडून काळीज काढायचं आणि ते कबरीत पुरायचं, इथवर गोष्ट आली होती. त्या सगळ्या वेळात मी जागा होतो, एकेक शब्द ऐकत होतो.

माझा जन्म टोंगातल्या हापाईच्या एका बेटावर, फेआओ नावाच्या तरुणाच्या खोपटात झाला. आमच्याकडे मुलगा वयात आला की त्याचं अंथरूण अंगणातल्या खोपटात जातं आणि घर बहिणीचं होतं. फेआओ ऑस्ट्रेलियात संत्री तोडायला गेला होता. तो तिकडे असतानाच इकडे त्याचे वडील सेमिसी वारले. मातीलाही त्याला पोहोचता आलं नाही. परत येताना त्याने माझे अवयव टॉवेलांत गुंडाळून आणले : बोर्ड, पंखे, डबा, चित्र दाखवणारं कार्ड. सगळं नवं. जुनी फक्त हार्ड डिस्क, वडिलांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली. तेच माझं काळीज.

सेमिसी चर्चच्या गायकांचे मास्तर होते. जाण्याआधी त्यांनी एक नवं भजन रचलं होतं, चार आवाजांचं. कुणाला शिकवायच्या आत ते गेले, पण एकेक आवाज आपणच गाऊन त्या डिस्कमध्ये ठेवत असल्याचं बायकोला सांगून गेले होते. आता वर्ष भरत आलं होतं. येत्या रविवारी घरातली काळी वस्त्रं उतरणार, कबरीवर नवी वाळू घालणार आणि तिथे ते भजन म्हणायचं, असं ठरलं होतं. वडिलांच्या मागे त्यांची मुलगी लेसिएली गायकांसमोर उभी राहत होती. तिनेही ते ऐकलेलं नव्हतं. माझा पडदा उजळला तर भजन होतं, नाही तर नव्हतं.

फेआओने मला फार मन लावून जोडलं. आधी आई वाइमोआनाने प्रार्थना म्हटली, मग स्क्रू. शेजाऱ्याचा टीव्ही आणून त्याने मला लावून पाहिलं तेव्हा त्यावर अक्षरं उमटली, आणि तो एकटाच बसून हसला. भजन घरातच पहिल्यांदा ऐकायचं म्हणून ते न उघडता, मला पुसून त्याने घराच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि मागे वळला. पुढे लेसिएलीची खोली होती. मोठे झालेले भाऊ-बहीण आमच्या घरात एका पडद्यासमोर बसत नाहीत. एक बसलेला असेल तर दुसऱ्याला लगेच काहीतरी काम आठवतं. हे भांडण नव्हे, मान आहे. गावातली पोरं आता याला हसतात, पण आमच्या घरात कुणी हसत नाही. तेव्हा फेआओने आईजवळ निरोप दिला, की पडद्याची वायर खालच्या, आडव्या फटीत लावायची.

नेमक्या त्याच वेळी कालोलाइने आली. ही सेमिसींची थोरली बहीण, मुलांची आत्या. वडिलांची बहीण म्हणजे घरातला सर्वांत वरचा माणूस. दोन्ही मुलांची नावं तिनेच ठेवलेली. तिने अंगावरची चादर मागितली तरी काढून द्यायची, आणि तिने केलेलं कुणी मोडायचं नाही. शोकात आमच्याकडे कमरेला गुंडाळतात ती चटई सावरत ती माझ्या मागे बसली आणि वायर तिने हातात घेतली. माझ्या पाठीवर सारख्याच दोन फटी आहेत, एक वर उभी, एक खाली आडवी.

"वन्सं, फेआओ म्हणत होता खाली..." आई पुटपुटली.

"पडदा म्हणजे याचं तोंड, वहिनी. तोंडाला कुणी खाली बसवतं का?" असं म्हणून आत्याने वायर वरच्या फटीत खोचली.

आता माझं दुखणं सांगतो. माझ्या मेंदूला चित्र काढता येत नाही. ते काम करणारं कार्ड खाली बसवलेलं आहे. वरच्या फटीमागे काहीही नाही, नुसती भिंत. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवा लागला, मी एकदा टुक केलं. मी सगळी अक्षरं नीट रांगेत लावून खालच्या दारावर पाठवली. दारात घ्यायला कुणी नव्हतं. पडद्यावर "सिग्नल नाही" आलं आणि मग काळोख.

मग उपचार सुरू झाले. फेआओ बाहेर ओसरीवर, खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून बसला. तो विचारायचा, दारात उभी असलेली आई आत सांगायची, लेसिएली करायची. पंखा फिरतोय? फिरतोय. आवाज आला? एकदा आला. मग मेमरीची पट्टी काढ, खोडरबराने घास, कट्‌ होईपर्यंत दाब. लेसिएलीने ते हलक्या हाताने केलं. मग पडद्याचा प्लग बदलून झाला. मग आतला बटणासारखा सेल काढून पुन्हा बसवून झाला. दर वेळी बटण, दर वेळी काळोख. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी ठणठणीत होतो आणि औषधं चालू होती.

शेवटी फेआओने विचारलं, "आई, वायर खालच्याच फटीत आहे ना?"

आईने आत आत्याकडे पाहिलं. "तुझ्या आत्याने लावलीय," ती म्हणाली.

फेआओला कळलं होतं. लेसिएली त्या वायरकडेच बघत होती, म्हणजे तिलाही कळलं होतं. पण तिने दोन्ही हात मांडीत घेतले. मला फार राग आला. एक वायर उपसायची, तर तिघंही जाणून गप्प, आणि ज्याला सगळे मुका समजत होते तो मी आतून ओरडत होतो.

आत्या वाईट बाई नव्हे. धाकट्या भावाला तिने कडेवर वाढवलं होतं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुरे झालं. सेमिसीला हे गाणं कुणाला द्यायचंच नव्हतं. त्याचं त्याच्याकडे जाऊ दे. ती डिस्क काढा, रविवारी वाळूखाली ठेवू."

लेसिएलीने मला बंद केलं, तरी माझे कान जागे होते. तिने पेचकस हातात घेतला. डिस्कचा पहिला स्क्रू निघाला. मी भ्यालो होतो, हे कबूल करतो.

तेवढ्यात खिडकीखालून फेआओ बोलायला लागला, अगदी सावकाश, जणू अंगणातल्या झाडाशी. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना सरळ सांगत नाहीत, वळसा घालून सांगतात.

"आत्या, एक विचारू? चर्चमध्ये वर कोण उभं राहतं?"

"पाद्री. हे काय विचारणं झालं?"

"आणि बाबा कुठे उभे राहायचे?"

"खाली. गाणारे खालीच अस..." आत्या मध्येच थांबली.

मग आत्या स्वतःशीच म्हणाली, "वर उपदेश, खाली गाणं." तिची चटई सळसळली. ती पुन्हा माझ्या मागे आली. "उगाच वर बसवला मी सेमिसीला. त्याला आवडलं असतं होय?" तिने आपल्याच हाताने वायर काढली आणि खालच्या फटीत लावली. त्या वेळी कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

लेसिएलीने स्क्रू परत बसवून बटण दाबलं आणि माझा चेहरा उजळला. आईने तोंडावर हात धरला.

भजन सापडलं. पहिला आवाज बायकांचा. तो सेमिसींनी बारीक, चिरका आवाज काढून म्हटला होता, आणि आई हसता हसता रडायला लागली. दुसरा झाला, तिसरा झाला. चौथा लावला तर आधी खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग गाणं नाहीच, साधं बोलणं : "हा खालचा आवाज फेआओचा. तो आला की त्याच्याकडून गाऊन घेतो." पुढे नुसती खोलीतली शांतता.

बाहेर फेआओने ते भिंतीतून ऐकलं. त्याला आत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि तो आलाही नसता. लेसिएली उठली, बाहेर न बघता तिने दोन्ही स्पीकर खिडकीकडे वळवले आणि आपला फोन रेकॉर्डिंगला लावून चौकटीवर ठेवला.

"तिथूनच गा, बाळा," आत्या म्हणाली. "आम्ही ऐकतोय."

वरचे तिन्ही आवाज पुन्हा लावले तेव्हा फेआओ चाचपडत त्यांच्याखाली शिरला, एकदा चुकला, आणि मग बसला. बाप आत गात होता, मुलगा बाहेर.

रविवारी कबरीवर ते भजन झालं. मी तिथे नव्हतो. वाऱ्याबरोबर आलं तेवढं ऐकलं.

आता मी लेसिएलीच्या टेबलावर असतो. अंगावर विणलेला रुमाल असतो, पंख्यात थोडी धूळ बसली आहे, तक्रार नाही. चौथ्या आवाजाच्या जागी तिने वडिलांचं बोलणं पुसलं नाही. त्याच्याच पुढे भावाचं गाणं जोडलं. मध्ये थोडा रिकामा भाग राहिला आहे. ऐकणारे म्हणतात, इथे काहीच नाही, एवढं कापून टाक.

माझं एकच मागणं आहे. मी जुना होईन, माझ्यातलं सगळं दुसऱ्या कुणाच्या पोटात हलवाल, तेव्हा ते कापू नका. "तो आला की गाऊन घेतो," असं बाप म्हणतो. आणि तेवढ्या शांततेत फेआओ घरी येतो.