सातावरचा काटा

आमच्या साहेबांचा जीव पीएच मीटरमध्ये अडकलेला आहे. सांडपाणी शुद्ध करायच्या आमच्या प्लँटवर पाऊल टाकलं की बूट बदलायच्या आधी ते काट्याकडे बघतात. काटा सातावर, म्हणजे पाणी ना आम्लाकडे झुकलेलं, ना साबणाकडे. मग "चला, आलबेल!" म्हणत ते चहा मागवतात.

मी तिथली केमिस्ट. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. चिडलेल्या माणसाचं निदान समोरच्याला कळतं तरी. आमच्या ताईचं काही म्हणजे काही कळत नाही. बाबांचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून त्यांची अंघोळ, औषधं, रात्रीची उठबस सगळं तीच करते आणि मधल्या वेळात शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवते. मी रोज संध्याकाळी फोन करते.

"कशी आहेस?"

"मस्त. तू जेवलीस का?"

झालं आमचं बोलणं. परगावी असलेल्या दादालाही तेच 'मस्त' मिळतं. बाबांकडे येणारी बाई काम सोडून गेली, तेव्हा "दुसरी शोधू नका, मला जमतंय," असं ताईच म्हणाली. मी आणि दादाने सुटकेचा निःश्वास टाकला. ती जमतंय म्हणतेय म्हणजे जमतच असणार, असं आम्ही धरून चाललो.

इकडे प्लँटवर नवा ब्लोअर बसला होता. टाकीत हवा सोडायची, म्हणजे पाण्यातले जिवाणू जोमाने घाण खातात, असं आमचं काम. नव्या ब्लोअरने हवा इतकी झाली की ते अमोनियावरही तुटून पडले. अमोनियाचा घसरलेला आकडा पाहून साहेबांनी माझ्याशी चक्क हात मिळवला. पण हे जिवाणू अमोनिया खाताना आम्ल सोडतात आणि पाणी ते मुकाट्याने पचवत राहतं. पाण्याच्या या पचवायच्या ताकदीला आम्ही अल्कलिनिटी म्हणतो. ती आहे तोवर काटा सातावरून फारसा हलत नाही. ती किती उरली आहे, हे मात्र काटा सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते, आणि काटा इतका शहाण्यासारखा वागत असताना आम्ही सगळ्यांनीच तिचा कंटाळा केला होता.

त्या दिवशी मी ती केली, तेही केवळ ब्युरेट धुऊन समोर ठेवलेली होती म्हणून. ब्युरेट म्हणजे खुणांची लांब काचेची नळी, खाली तोटी. तिच्यात पातळ आम्ल भरायचं आणि खाली चंचूपात्रात टाकीतलं पाणी ठेवून त्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं होतं. मग वरून आम्ल सोडायचं, थेंब थेंब. पाणी पचवत राहतं, पिवळं ते पिवळंच. ताकद संपली की एकाच थेंबाला केशरी होतं. माझ्यासारखीला हे काम शिक्षाच आहे, कारण घाई केली की तो थेंब हातून निसटतो. आमच्या पाण्याला एरवी जवळजवळ निम्मी नळी लागायची. मी सवयीने खिडकीबाहेर बघत तोटी सैल सोडली आणि खाली पाहते तर पाणी कधीच केशरी झालेलं.

पुन्हा केलं. या वेळी डोळे पात्रावर ठेवून. चार-पाच खुणांतच रंग फिरला.

मी तशीच साहेबांकडे गेले. ते काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, सात आहे की!"

"आज आहे, साहेब. उद्या-परवा एकदम कोसळेल. जिवाणू मेले तर पुन्हा वाढवेपर्यंत सगळी घाण तशीच नदीत जाईल."

साहेब भित्रे आहेत, पण आडमुठे नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. "काय करायचं बोला."

"ब्लोअर मधून मधून बंद ठेवू. हवा नसली की दुसरे जिवाणू कामाला लागतात आणि गेलेल्यातली निम्मी ताकद परत मिळते."

"आणि बाकीची निम्मी?"

"ती बाहेरून घालावी लागते. सोडा मागवा. आपोआप नाही येत ती."

हे बोलले आणि ते वाक्य माझ्याच डोक्यात अडकून बसलं. का ते लगेच कळलं नाही. सोड्याची पोती आली, टाकीवर उभं राहून ती रिकामी करून घेतली, कपडे पांढरे झाले, आणि ते झटकताना मला ताईची भीती वाटली. ताईविषयी नाही, ताईचीच. तिच्या त्या 'मस्त'ची. मी साहेबांना सांगून निघाले, आणि या वेळी आधी फोन केला नाही.

दार ताईनेच उघडलं. "अगं! आज सूर्य कुठून उगवला?" चेहरा नेहमीसारखा हसरा. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि चहा गार असल्याची तक्रार केली. ताईने गरम करून आणला, तर म्हणे तोंड भाजलं. ताईने फुंकर घालून तो पुन्हा गार केला. माझं डोकं तापलं होतं. एरवी मी बाबांना दोन शब्द सुनावले असते, ताईलाही 'माणूस का ठेवत नाहीस' म्हणून झापलं असतं, आणि ती हसून 'मस्त चाललंय गं' म्हणाली असती. म्हणून मी जीभ आवरली आणि मशीनशेजारी स्टूल ओढून बसले.

"जेवलीस?"

"हो, मघाशीच. उभ्या उभ्या."

"झोप होते का?"

"होते की. तुकड्या-तुकड्यांत." ती दोरा ओवत होती. "बाबांना रात्री पाणी लागतं ना."

"तुझी ती मैत्रीण येते का, बँकेतली?"

"यायची. आता तिलाही वेळ नसतो." दोरा सुईत जात नव्हता. "मला तरी कुठे असतो म्हणा."

ती हसली. मीही हसले. काही बदललं नव्हतं. तेवढ्यात बाबांनी मान फिरवली आणि त्यांच्या गळ्यातलं फडकं मला दिसलं. निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. ते कापड मी ओळखलं. गेल्या वर्षी आम्ही दोघी दुकानात तासभर भांडून ते घेतलं होतं. मला हिरवं हवं होतं, पण ताई अडून बसली होती. "जन्मभर लोकांचं शिवलं, हा ड्रेस माझा," असं म्हणाली होती.

मी आवाज चढू दिला नाही.

"ताई, तो तुझा निळा ड्रेस शिवून झाला?"

तिने दोरा पुन्हा ओला केला. पुन्हा सुईशी नेला. मग सुई मशीनवर ठेवली.

"त्यांची लाळ गळते गं सारखी," ती म्हणाली. "फडकी पुरेनात. ते कापड नुसतंच पडलं होतं, म्हणून कापलं. सगळंच कापलं." आणि तिचा बांध एकदम फुटला. तोंडावर हात दाबून, आवाज न करता, ती रडायला लागली. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून अशी रडायची तिला सवय झालेली होती, हे मला तेव्हा दिसलं. मला तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

मी तिला उठवून आतल्या खोलीत नेलं. "झोप."

"त्यांचं खाणं..."

"मी देते."

"तुझ्याच्याने नाही होणार. ते वाटी फेकतात."

"मीही फेकते. बघू कोणाचा नेम चांगला आहे."

त्यांनी खरंच फेकली. मी उचलून, धुऊन परत आणली आणि म्हणाले, "बाबा, मी ताई नाही." त्यांनी बराच वेळ माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मग निमूटपणे तोंड उघडलं. मी भरवत राहिले. आई गेली त्या वर्षी हेच बाबा माझ्या वेण्या घालायचे, वाकड्यातिकड्या.

ताई उठली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. मी तिला सांगितलं की महिनाभर मी इथूनच कामावर जाणार आणि उद्यापासून बाबांसाठी माणूस शोधणार. तिने वाद घातला नाही. तिने वाद न घालणं मला आता आवडेनासं झालं होतं.

मघाशी मी दादाला निरोप टाकला होता. त्याचा फोन आला.

"काय गं, ताई कशी आहे?"

मी फोन ताईपुढे धरला. तिने तो घेतला, कानाला लावला, आणि सवयीने तिचे ओठ त्या 'मस्त'साठी मिटले. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग खिडकीजवळ झोपी गेलेल्या बाबांकडे, त्यांच्या गळ्यातल्या निळ्या फडक्याकडे.

"दादा," ती म्हणाली, "मी बरी नाहीये रे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि दादा म्हणाला, "सांग. मी बसलोय."