कासवाच्या पाठीवरचं गाव

शेवटच्या पायरीवर बसून चंदनबालानं बाटली आधी विहिरीच्या पाण्याला टेकवली, मग हळूच आडवी केली. वरून ओतलं असतं तर जिवांना मार लागला असता. तिळाहून बारीक असलेले ते जीव पाय मारत, उलटेसुलटे होत पाण्यात गेले आणि दिसेनासे झाले. तिनं हात जोडले. रोज पाणी गाळून झालं की कापडावर राहिलेले जीव ती असेच, ज्या विहिरीचे त्या विहिरीत परत सोडायची. आष्ट्यात घरोघर नळ आले, शेजारणी हसल्या, तिनं नेम सोडला नाही. आज फक्त जीव जास्त होते, आणि लेकीनं आणलेले होते.

प्रियदर्शनी काल कोकणातून आली होती. जाळ्यात सापडलेली समुद्री कासवं सोडवणाऱ्या लोकांत ती काम करायची. कासवाला पाण्यात सोडण्याआधी त्याची पाठ ती दात घासायच्या मऊ ब्रशानं झाडून घेई. त्या पाठीवर एक अख्खं गाव नांदत असतं, असं तिनं दिवस मावळायच्या आत जेवताना रंगून सांगितलं. झिंग्याच्या कुळातले जीव, पण करंगळीच्या नखावर ओळीनं बसतील एवढे. कासव जाईल तिकडं जायचं, पोराबाळांचा पसारा तिथंच. कुठले जीव आहेत त्यावरून कासव कुठून फिरून आलं ते कळतं म्हणे. बाटलीत भरून आणलेल्या ह्या जिवांचं पुढं काय करतेस, असं आईनं विचारल्यावर मात्र तिचा घास रेंगाळला. उद्या पुण्याला नेऊन ते चालतात कसे ते बघायचं, मग स्पिरिटात ठेवायचं. चंदनबाला हात धुवायला उठली होती.

आता लेक पायऱ्या उतरून आली. रिकामी बाटली तिला लांबूनच दिसली.

“आई, ह्यातले?”

“सोडलं त्येंना. अगदी पाण्याला टेकवून.”

भांडण होणार हे धरून चंदनबालानं पहाटेपासून उत्तरं जमवून ठेवली होती. नोकरी, सायब, शिक्षण, सगळ्याला एकेक. पण पोरगी नुसती पाण्याकडं बघत राहिली आणि मग तिच्याशेजारी येऊन बसली. जमवलेली उत्तरं तशीच राहिली.

“जगतील न्हवं गं?”

“जगतील की.”

फार लवकर म्हणाली. लहानपणी एक कप फुटला तर गल्लीभर सांगत फिरलेली ही पोर आज एवढ्यावरच थांबली. चंदनबालानं तिच्याकडं नीट पाहिलं. लेकीनं मान वळवली.

बाटलीतलं पाणी चंदनबालाच्या मनगटावर सांडलं होतं, ते वाळून कातडं ओढल्यासारखं झालं होतं. कडेला पांढरी रेघ उमटली होती. तिनं त्या रेघेला जीभ लावली. समुद्र खारा असतो हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण जीव म्हटला की विहीर, एवढंच हातांना माहीत.

“खोटं कशापायी बोललीस?”

प्रियदर्शनीनं आईचा हात मांडीवर घेतला आणि ते मनगट ओढणीनं पुसत राहिली. पुसून झालं तरी पुसत राहिली.

“तू आज मारणारच हुतीस न्हवं त्येंना?”

“व्हय.”

“मग ते माझ्या हातनं झालं. तुझ्या नावावर न्हाई.”

“असं असतंय व्हय, आई? करणारा, करवणारा, बरं म्हणणारा, समद्यांना पाप सारखंच, हे तूच शिकवलंस.”

“मी शिकवलं ते मला नगं सांगू.”

खाली पाणी हिरवंगार, हललंसुद्धा नाही. लेकीनं डोळे पुसले ते कुणासाठी, कासवावरच्या गावासाठी की आईसाठी, हे चंदनबालानं विचारलं नाही. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, पदरानं बाटली आतून कोरडी केली आणि लेकीच्या हातात दिली.

“पुन्यांदा कवा जायाचं समुद्रावर?”

“सोमवारी.”

“जीव घावलं की आधी हिकडं यायचं. पुण्याला न्हाई.”

“कशाला?”

चंदनबाला पायऱ्या चढू लागली होती. वळून न बघता म्हणाली,

“आन् ते स्पिरिट का काय, ते बी संगं आण.”