जवळच्या जोड्या

"ताई, जरा इकडे या. हे खरं वाटतंय का तुम्हाला?"

शास्त्रज्ञ मुलगी पडद्यावरून नजर न हटवता म्हणाली. रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रण कक्षात सकाळपासून दोघीच होत्या. ताई उठल्या. एकतीस वर्षं त्या इथे ऑपरेटर होत्या. अँटेना वळवायच्या आणि आलेल्या नोंदींतली खरखर धान्यातल्या खड्यांसारखी वेचून टाकायची, हे त्यांचं काम.

पडद्यावर चार दीर्घिका होत्या, एकमेकींच्या अंगावर रेलल्यासारख्या. त्या चौघींना ताई ओळखत होत्या.

"अशा दाटीत राहणाऱ्या दीर्घिकांकडे वायू कमी असतो," मुलगी भरभर बोलत होती. "येता-जाता एकमेकींचा ओरबाडतात. मग नवे तारे घडवायला काही उरत नाही. पण ओरबाडलेला जातो कुठे? हा बघा! मधल्या मोकळ्या जागेत, धुक्यासारखा पसरलाय. नव्या मोठ्या थाळीच्या दुर्बिणीनं पकडला. इतकी वर्षं कुणाला सुचलंच कसं नाही?"

"सुचलं होतं," ताई म्हणाल्या. "सरांना."

बावीस वर्षांपूर्वी, इथले शास्त्रज्ञ असताना, सरांनी हाच वायू शोधायला ह्याच चौघींवर इथल्या अँटेना रोखल्या होत्या. चित्र आलं ते कोरं. परिषदेत कुणीतरी म्हणालं, "सर, धुकं चष्म्यावर असेल, पुसून बघा." सगळं सभागृह हसलं. सरही हसले. पुन्हा निरीक्षणाची वेळ मागितली, ती मिळाली नाही. त्यानंतर त्यांनी त्या चौघींचं नाव काढलं नाही. निवृत्त झाले, आणि दोन वर्षांपूर्वी गेले.

नोकरीत असताना ते रोज दुपारी चारला दाराशी येऊन जायचे. गेले, तरी त्याच सुमाराला ताईंना व्हरांड्यात त्यांच्या चपला घासत आल्याचं ऐकू यायचं. पावलं दाराशी थांबायची. ताई मान वळवत नसत. वळलं तर दार रिकामं दिसेल, हे त्यांना माहीत होतं.

"सरांचं ते चित्र मी कोरं केलं," ताई म्हणाल्या.

मुलगी वळली. "म्हणजे?"

"दिवसाचं निरीक्षण होतं. ऊन असलं की जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्यांच्या नोंदींमध्ये सूर्याची खरखर घुसते. मिनिट-मिनिट तपासून घाण काढायची, दोन दिवसांचं काम. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला, आईचं बोलणं बंद झालंय. मी सगळ्या जवळच्या जोड्या एका फटक्यात उडवल्या आणि निघाले. मूळ टेप पुढे पुसून दुसऱ्या कामाला गेली."

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. विरळ, पसरलेलं काही दिसतं ते फक्त जवळच्या जोड्यांना. हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

"सरांना सांगितलंत?"

"आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. तू मात्र तुझ्या शोधनिबंधात लिही. चूक कुणाची ते लिही."

"ताई, आता कोण विचारतंय?"

"सर रोज विचारतात," ताई म्हणाल्या.

त्यांनी चित्राचा एक कागद छापून घेतला, अर्धी रजा टाकली आणि सरांच्या घरी गेल्या. दार त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी उघडलं. बसायलाही न थांबता ताईंनी सगळं सांगून टाकलं. अडखळत, मधेच मागे जात, आईचा फोन दोनदा सांगत.

वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं गं."

"कसं?" ताईंनी विचारलं.

"तुझ्याच अक्षरात नोंद होती ना वहीत, जवळच्या जोड्या काढल्या म्हणून? त्यांनी वाचली, तोवर तुझी आई जाऊन आठवडा झाला होता. घरी येऊन म्हणाले, आत्ता तिला काय बोलू? जरा सावरू दे. मग परिषद झाली. मग म्हणाले, आता सांगितलं तर तिला वाटेल, माझं हसं तिच्यामुळे झालं."

"पण रोज चारला दाराशी यायचे. मला वाटायचं, काम बघायला..."

"तू सांगशील असं वाटायचं त्यांना. मी विचारायची, आज बोलली का? म्हणायचे, नाही, मान खाली घालून बसली होती. उद्या बघू."

बाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. ताईंनी डोळे पुसले नाहीत. कागद तेवढा पुढे केला.

वहिनींनी तो खिडकीशी नेला. चार ठिपके. त्यांनी त्यांच्या मधोमध बोट ठेवलं.

"इथे?"

"हो, तिथेच."

"खूप आहे?"

"खूप आहे. पण फार विरळ. आता चौघींपैकी कुणालाच तो वायू परत गोळा करता यायचा नाही."

वहिनींनी मान हलवली. बोट मात्र तिथेच राहिलं. ताई कागद मागे न घेताच, दार हळू ओढून जिना उतरल्या.