एकशे अठरा दुरुस्त्या

तीर्थपुरीच्या बाजारात माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, आणि गेल्या वर्षापासून माझ्या भावाच्या पोरीचा, अक्षताचा, पीएच.डी.चा प्रबंध. ती पुण्याहून वह्या पाठवते, मी टाईप करते. गणिताची चिन्हं कॉम्प्युटरवर काढायला मी मोबाइलवर बघून शिकले. चिन्हं शिकता शिकता थोडं भौतिकशास्त्रही शिकले. त्या थोड्यानंच घात केला.

तिचा विषय एन्ट्रॉपी, म्हणजे आपल्याला किती ठाऊक नाही त्याचं माप. ते दोन वाटांनी काढता येतं. बियाण्याचं पोतं घ्या. भरताना त्यात काय काय मिसळलं, ही एक वाट. आता चाचणी लावली तर काय काय निघेल, ही दुसरी. क्वांटमच्या जगात दोन्ही वाटा एकाच आकड्यावर येतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर पेन्सिलीनं खूणही केली होती.

अक्षताच्या चौथ्या प्रकरणात या मापाचं चिन्ह कुठं साधं होतं, कुठं त्याच्या डोक्यावर टोपीसारखी खूण. मला वाटलं, पोरगी दमली, कुठं टोपी घालते, कुठं विसरते. माप तर एकच! 'सगळीकडे बदला' दाबलं. एकशे अठरा टोप्या गेल्या. त्या दिवशी मी खुशीनं चहाबरोबर खारी मागवली.

पाचवं प्रकरण टाईप करताना कळलं. चौथं क्वांटमचं नव्हतंच. ते त्याच्याही पलीकडच्या, कागदावरच मांडता येणाऱ्या जगांचं होतं. तिथं दोन्ही मापं वेगळी निघतात, आणि कशी निघतात हेच तिनं तीन वर्षं शोधलं होतं. तोवर चौथं प्रकरण तिच्या सरांकडे गेलेलं. आठ दिवस मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची.

नवव्या दिवशी तीच आली, बसमधून उतरून थेट दुकानात.

"आत्या, सर म्हणतेत, सतराव्या पानावर तुझं शून्य आन् एक सारखंच हाय."

"असं कसं?"

"बघ ना. तिथल्या आकृतीतला एक बिंदू, म्हंजी एक अवस्था. तिला नेमका प्रश्न विचारला तर उत्तर पक्कं, म्हंजी माप शून्य. पण तोच बिंदू दोन टोकं अर्धी-अर्धी मिसळून बनतो, म्हंजी माप एक. आन् मी दोन्हीला एकच चिन्ह दिलं! सर म्हणतेत, तुला फरकच कळला न्हाई. हे प्रकरण काढून टाक, न्हाईतर काय ते सोमवारपर्यंत कळव."

"वही बघितली का?"

"वही तुझ्याकडंच हाय की. काय बघायचं? तू तर लग्नपत्रिकेतलं चुकीचं नावबी पार्टीला विचारल्याबिगर बदलत न्हाई. मीच विसरले असंल." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "मला वाटून राह्यलं, मला हे समजतच न्हाई."

मी खण उघडून वही तिच्यापुढे ठेवली. "टोप्या मी काढल्या. मला वाटलं, तुझं चुकलं. चूक माझीच हे कळून आठ दिवस झाले."

तिनं पान उघडलं, एकेका टोपीवर बोट ठेवत गेली. मग हसली, आणि हसता हसता डोळे भरले.

"अगं, विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर मला येत न्हाई हे दिसलं असतं ना."

"आन् आठ दिवस?"

मी कॉम्प्युटरवर चौथं प्रकरण उघडलं.

टोप्या काढायला एक बटण पुरलं होतं, घालायला पुरेना. मुळात साधं कुठलं आणि टोपीचं कुठलं, हे कॉम्प्युटर विसरून बसला होता. ती वहीतून वाचत गेली, मी घालत गेले. संध्याकाळ झाली.

"सरांना मी लिहिते," मी म्हणाले. "माझं नाव टाकून."

"बिलकुल न्हाई. पहिल्याच वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, हे सगळं तुझंच आहे ना? बाकी कुणाला न्हाई विचारलं, फक्त मला. आता आत्यानं चिन्हं बदलली म्हणलं, तर बाकीचं कुणी लिहिलं, असं विचारतील."

"मंग?"

"मी सांगते, तू टाईप कर."

तिनं सांगितलं, "चिन्हांची चूक माझ्याकडून झाली. सुधारलेलं प्रकरण जोडत आहे." 'माझ्याकडून'पाशी माझी बोटं थांबली.

"लिही, आत्या."

मी लिहिलं. खाली तिचं नाव घातलं. पाठवायचं बटण तिनं दाबलं.