पाण्याला वाट असलेला पत्रा

मी एक जुना पत्र्याचा कोन आहे, मित्रांनो. तीन चकचकीत पत्रे काटकोनात जोडले की जसं दिसतं तसा मी. जणू कुणी घराचा कोपराच उचलून आणलाय. माझा जन्म महाडला, हैबतीकाकांच्या वेल्डिंगच्या दुकानात. नाते गावच्या दर्शनाने मला करवून घेतलं. हिमालयातला बर्फ कधी वितळू लागतो, ते ओळखण्याचं तिचं काम.

ती मला न्यायला आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. तिन्ही पत्रे जिथे मिळतात तिथे, अगदी तळाला, एक भोक होतं.

"काका, ड्रॉइंगमध्ये हे कुठे होतं?"

"नव्हतंच. पन पत्रा हाय म्हंजे पानी साचनार. त्याला जायला वाट नको?"

"अहो, तिथे पाऊस नाही, बर्फ पडतो!"

"बर्फ म्हंजे रुसलेलं पानीच ना गो!"

दुसरा करायला वेळ नव्हता. आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, रेश्माला, आईपाशी ठेवून, वाटेत दर तासाला फोन करत, दर्शना मला घेऊन निघाली.

बर्फाच्या उतारावर माझे दोन सोबती होते, दुसरीकडे बनलेले, बिनभोकाचे. आमच्यावरून उपग्रह जायचा. काय त्याची नजर! तो रेडिओसारख्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म लाटा सोडतो आणि परत आलेल्या लाटांवरून चित्र बनवतो. ढगांनी त्याचं अडत नाही. बर्फ भिजू लागला, की लाटा गिळून टाकतो आणि चित्रात काळा दिसतो. आम्ही मात्र आलेली लाट आल्या वाटेने परत धाडायचो, म्हणून आमचे तीन ठिपके लख्ख दिसायचे. ठिपके दिसले, म्हणजे चित्र खरं.

एप्रिलात एके दिवशी चित्रात अख्खा उतार काळा आला. सोबत्यांच्या पोटात पाणी आणि भिजका बर्फ साचून त्यांचेही ठिपके विझले होते. आता चित्र बिघडलं म्हणायचं, की बर्फ भिजला? खाली नदीकाठी रस्ता बांधणाऱ्या मजुरांची पालं होती. तिथे झोळीत झोपलेलं रेश्माएवढं पोर दर्शनाने येताना पाहिलं होतं.

तिने चित्र मोठं केलं. काळ्यात एकच ठिपका झळकत होता. मी! माझ्यातलं पाणी भोकातून निथळून गेलं होतं. म्हणजे चित्र खरं होतं; बर्फ वितळू लागला होता आणि नदी फुगणार होती.

तिने मुकादमाला फोन लावला. "पालं आजच वर हलवा."

"मॅडम, पाणी घोट्याएवढंय. ऊन बघा किती छान पडलंय!"

"ऊन पडलंय म्हणूनच सांगतेय!"

कुरकुरत का होईना, पालं हलली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या चुलीच्या दगडांवरून नदी धावत होती. झोळी मात्र वर, टेकाडावर झुलत होती.

पुढे बर्फाच्या भाराने मी वाकलो. आता नाते गावात, दर्शनाच्या अंगणात असतो. हैबतीकाका आले की मला टिचकी मारून म्हणतात, "काय रं, ड्रॉइंगमध्ये नव्हतं ना?" आणि दर्शना हसते.

मित्रांनो, माझं कौतुक नाही केलंत तरी चालेल. पण माझ्या भोकात पानं अडकतात, तुम्ही खेळताना गोळ्यांचे कागद कोंबता. तेवढं करू नका. रेश्मा रोज सकाळी खराट्याची काडी घेऊन येते, भोक मोकळं करते, आणि पलीकडून डोळा लावून आभाळ दिसतं का ते बघते.