ओवलेल्या सुया

स्टीलच्या डब्यावर ठेवलेला फोन खर्रखर्र थरथरला आणि पडवीतली शांतता मोडली. दसरा उद्यावर आलेला. झेंडूच्या ढिगाशी बसलेल्या गोजराबाईंनी मान वर केली नाही. लेकीचाच असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पोटुशी असताना योगिनीनं तिकडे जर्मनीत करोनाची लस टोचून घेतली, तेव्हापासून मायलेकीत अबोला होता. बाळंतपण तोंडावर आलं तरी गोजराबाई फोनला हात लावेनात, आणि दोन्हीकडचे उसासे ऐकायला मधल्यामध्ये सून, तेजस्विनी.

पण फोन निघाला गंगापूर रोडच्या लखन हारवाल्याचा. तेजस्विनीनं स्पीकर लावला.

"काकू, गिऱ्हाईक आत्ता बोललं. झेंडूत मधे मधे पांढरी शेवंती पाहिजे. दुपारपर्यंत होतील सगळे हार?"

"होतील की," गोजराबाई म्हणाल्या.

"एवढ्या लवकर? घाईत कच्चे गुंफाल, दाराला बांधले की सुटतील."

"आरं बाबा, दोरे कापून ठेवलेत, सुया ओवल्यात, फुलं टोपलीत हायेत. रोपं तर आखाडातच लावलेली. तुझ्या निरोपापायी अडलं होतं सगळं. ठेव आता."

तेजस्विनी गालात हसली. "आई, योगिनीताईंची लसही अशीच झाली बरं का."

"आलीस फिरून तिथंच. वर्षाच्या आत लस निघती व्हय? लोणचं मुरायलासुद्धा दम धरावा लागतो."

"लोणचं नाही, हार. शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं दोरे कापत, सुया ओवत बसले होते. विषाणूची खूण कळली आणि त्यांचं काम धावायला लागलं. त्या एमआरएनए लशीत विषाणू नसतोच. नुसता निरोप असतो, की विषाणूच्या अंगावरचा एवढा काटा करून बघा. शरीर तो करतं, ओळखून ठेवतं. निरोप आपला विरघळून जातो."

"अन् कच्चं राहिलं असलं तर?"

"तुम्ही लखनला द्यायच्या आधी प्रत्येक हार ओढून बघता ना? तशी हजारो माणसांवर बघितली ती. आणि नंतर ज्या पोटुशी बायकांनी घेतली, त्यांच्यावरही नजर ठेवली."

गोजराबाईंनी एक झेंडू ओवला, मग शेवंती, मग उगाचच तीच शेवंती काढून पुन्हा ओवली.

"लाव तिला," त्या म्हणाल्या.

पलीकडे पहाट होती, पण योगिनी जागीच होती. "आई?"

"हात लय दुखला का गं?"

"एकच दिवस."

"मग सांगायचं नाय?"

"तू फोन घेत होतीस का?"

"लय बोलायला शिकलीस. डिंकाचे लाडू धाडते. जावयाला चाखायला दे, पण डबा त्याच्या हाती देऊ नको." एवढं बोलून गोजराबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि शेवंतीच्या नावानं दोनदा नाक ओढलं.

तेजस्विनीनं सुटकेचा निःश्वास टाकून सुई उचलली. पाकळ्यांत लोळणारा पाच वर्षांचा ओम मघापासून तिच्याचकडे बघत होता.

"मम्मी, निरोप विरघळून गेला," तो म्हणाला, "तर मग शरीराला आठवतं कसं?"