आमच्या जिन्याची शेवटची पायरी

माझा नवरा आर्किटेक्ट आहे आणि त्याला जिन्यातलं फार कळतं, असं कोर्टाचं मत पडलं. माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

पत्र आलं तेव्हा त्याने ते तीनदा वाचलं आणि मग मला वाचायला दिलं. 'तज्ज्ञ साक्षीदार' या शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. पट्टी लावून मारलेली.

"वाचलंस?" तो म्हणाला.

"वाचलं. आता तज्ज्ञांनी जरा आपल्या जिन्याकडेही बघावं."

"बघतो," तो म्हणाला आणि पत्र फाइलीत ठेवलं.

हे 'बघतो' एकोणीस वर्षांचं आहे. आमचं घर त्यानेच आखलेलं. वर त्याचं ऑफिस, खाली आम्ही, आणि मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. तेरा पायऱ्या अगदी सारख्या, चौदावी दोन सेंटीमीटर उंच. दिसायला काही दिसत नाही, पण वर येणारा पाहुणा तिथे ठेचकाळतोच. म्हणून मी प्रत्येकाला खालूनच ओरडून सांगते, "शेवटची पायरी जपून हं!" तरीही जे अडखळले त्यांची नोंद मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून करून ठेवली आहे. आकडा अकरावर होता. विषय निघाला की नवऱ्याचं एकच पालुपद, "गवंड्याने घोळ घातला, मी काय करणार?" त्या गवंड्याच्या नावाने मी इतकी वर्षं बोटं मोडली. पुढे कुंपणाची भिंत बांधायची होती तेव्हा तो आपणहून विचारायला आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

खटला एका बाईंचा होता, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. मावशी शिवणकाम करायच्या. वय एकाहत्तर, अंगाने काटक, गळ्यात कायम मापाची टेप. एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला त्या एका इमारतीत पहिल्यांदाच गेल्या आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीला अडखळून पडल्या. कात्रीच्या हाताचं मनगट मोडलं. इमारतीच्या मालकाचं म्हणणं, जिन्यात काही खोट नाही, म्हातारीचे पाय लटपटले. मनगट सहा आठवड्यांत जुळलं, पण मालकाचं हे बोलणं मावशींच्या मुलाने मनावर घेतलं. त्याने त्यांचं मशीन माळ्यावर टाकलं. बाहेर जायचं तर त्याच्यासोबतच, पायरी दिसली की "आई, हात दे," आणि घरातल्या घरात उंबरा ओलांडतानाही "आई, हात दे."

मोजमापांची चौकशी करायला त्या आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा खालच्या खोलीत बसून मला म्हणाल्या, "मला दुसरं काही नको गं. माझे पाय ठीक आहेत, एवढं कोर्टाने लिहून द्यावं. माझं म्हणणं घरात कोणी ऐकत नाही. कोर्टाचं ऐकतील."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी नवऱ्याची चेष्टा थोडी कमी केली. अगदी बंद नाही केली.

कारण चेष्टेला तो जागाच ठेवत नव्हता असं नाही. त्या इमारतीचा जिना तो चार वेळा मोजून आला. पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. आरशासमोर उभा राहून साक्षीचा सराव केला. मावशींच्या वकिलांनी बजावलं होतं, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्या. पण थोडक्यात बोलणं त्याच्या पदवीत शिकवलेलं नाही. जेवताना मी म्हटलं, "मीठ दे," तर त्याने आधी टेबलाची उंची कशी चुकीची आहे ते सांगितलं.

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मावशी पुढे होत्या. मुलगा त्यांना फाटकाशी सोडून कामावर निघून गेला होता, त्याला हा सगळा खटाटोपच पटत नव्हता.

सुरुवात झकास झाली. नवऱ्याने मॉडेल दाखवलं. मालकाने वर्षापूर्वी मजल्यावर जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली, त्यामुळे मजला अडीच सेंटीमीटरने वर आला आणि तेवढीच शेवटची पायरी उंच झाली, हे त्याने चक्क चार वाक्यांत सांगितलं. मला अभिमान वाटला. मग उलटतपासणीला मालकाचे वकील उठले. माणूस हसतमुख. असल्या माणसांची मला भीती वाटते.

"तुम्ही स्वतः आखलेल्या घरात राहता का?"

"हो."

"मग तिथल्या पायऱ्या अगदी एकसारख्या असतील!"

त्यांनी नुसतीच टोपी उडवली होती. 'हो' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता, कोणी आमच्या घरी टेप घेऊन येणार नव्हतं.  पण नवऱ्याने मान वर करून थेट मागच्या बाकाकडे, माझ्याकडे पाहिलं. 

"नाही," तो म्हणाला. "शेवटची पायरी दोन सेंटीमीटर उंच आहे."

वकिलांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अरेरे! चूक कोणाची?"

'गवंड्याची', मी मनातल्या मनात म्हणून टाकलं.

"माझी," नवरा म्हणाला. "जिना बांधून झाल्यावर मला वरच्या मजल्यासाठी जाड दगडी फरशी आवडली. गवंड्याने सांगितलं होतं, साहेब, पायरी उंच होईल. मी म्हटलं, होऊ दे, कळणार नाही कोणाला."

 एकोणीस वर्षं! त्या बिचाऱ्या माणसावर खापर फोडून हा गृहस्थ रोज माझ्यासमोर बसून निवांत जेवत होता. मला त्याचा संताप आला, आणि त्याच वेळी तिथे उभा राहून तो खरं बोलत होता म्हणून कौतुकही वाटलं. दोन्ही एकदम झालं.

"एकोणीस वर्षांत तुम्ही किती वेळा पडलात?" वकिलांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"आणि तुमच्या पत्नी?"

"एकदाही नाही."

"म्हणजे पाय धड असतील, तर अशा पायरीवर माणूस पडत नाही. बरोबर?"

मावशींची मान खाली गेली. मला उठून दोघांनाही फटकावावंसं वाटलं, वकिलाला आणि नवऱ्याला.

"चूक," नवरा म्हणाला. "आमच्या पायांना ती पायरी पाठ आहे, म्हणून आम्ही पडत नाही. नव्या माणसाचं तसं नाही. तो पहिल्या दोन-तीन पायऱ्या बघतो, पुढचं मोजमाप पायच करतात. पाय चांगले असले तर दर वेळी नेमके तेवढेच उचलले जातात. जो चाचपडत, एकेक पायरी बघत चढतो, तो कदाचित वाचेल. पडतो तो नीट चालणारा. आमच्याकडे अकरा पाहुणे अडखळले आहेत. हिने नोंद ठेवलीय."

न्यायाधीश बाईंनी चष्मा वर केला. "त्या अकरांची वयं काय?"

"सगळी आठवत नाहीत. सगळ्यात जोरात आपटला तो माझा भाचा. सव्वीस वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो."

कोर्टात हशा पिकला. नवरा हसला नाही. मावशींकडे हात करून तो म्हणाला, "यांचे पाय अगदी बरोबर पडले. चुकला तो जिना."

 परतल्यावर घराच्या दाराशी तो म्हणाला, "उद्या गवंड्याकडे जातो."

"उद्या नाही, आज," मी म्हणाले, "आणि मीही येणार. मलाही त्याची माफी मागायची आहे."

महिन्याभराने निकाल लागला. वादीच्या पायांचा, नजरेचा किंवा वयाचा काही दोष नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं होतं. मावशींचा फोन आला. "तुमची ती पायरी दुरुस्त कधी होतेय?" सोमवारी गवंडी येणार होता. "मग मी रविवारी येते. मला ती बघायचीय."

रविवारी त्या आल्या, मुलासोबत. निकालाचा कागद पर्समध्ये घडी घालून ठेवलेला. मुलगा पंचेचाळिशीचा, धट्टाकट्टा, स्वभावाने खरंच चांगला. "निकाल लागला ते बरंच झालं," तो मला म्हणाला, "पण वय ते वय. मशीन काही मी खाली काढणार नाही." 

जिन्यापाशी आल्यावर तो म्हणालाच, "आई, हात दे."

"तू हो पुढे. मी येते मागून."

तो पुढे झाला आणि दर पायरीला मागे वळून आईकडे बघत चढू लागला. शेवटची पायरी जपून, हे सांगायला मी तोंड उघडलं. मावशींनी माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं. सांगायला विसरले, असं नंतर मी नवऱ्याला सांगितलं. मी काही शपथेवर नव्हते.

चौदाव्या पायरीला त्याचा पाय अडकला आणि तो दोन्ही हातांवर धपकन वरच्या फरशीवर आडवा झाला. लागलं काही नाही. पण उठायच्या आधी तो तसाच गुडघ्यांवर बसून त्या पायरीकडे बघत राहिला, बराच वेळ. मग त्याने आईकडे पाहिलं.

मावशी कठड्याला हात न लावता चौदा पायऱ्या चढल्या. शेवटच्या पायरीला पाय बेताने जरा जास्त उचलला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"हात दे, बाळा," त्या म्हणाल्या.

त्याने दिला.